बिदागी कुणाच्या हातात?

स्त्री कलाकारांविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. त्यांची चरित्रे आहेत, आत्मचरित्रे आहेत, गौरवग्रंथ आहेत, निधनानंतर निघालेले विशेषांक आहेत. एखाद्या गायिकेने कोणत्या गुरूकडे किती वर्षे तालीम घेतली, कोणते अनवट राग गळ्यावर चढवले, कोणत्या नाटकातले तिचे कोणते पद गाजले, हे आपल्याला बारकाईने ठाऊक असते. तालमीच्या त्या वर्षांत घर कसे चालत होते, पहिली बिदागी किती होती, ती कोणाच्या हातात पडली, आजारपणात आणि बाळंतपणात पैसे कुठून आले, हे मात्र त्याच पानांवर शोधूनही सापडत नाही. पैशाचा विषय आला की लेखणी आखडते. तो काढला तर त्या बाईचा मान कमी होईल अशी भीती लिहिणाऱ्याला वाटते. या पुस्तकाचा विषय नेमका हा गाळलेला भाग आहे. तो गाळल्यामुळे तिच्या कलेचा इतिहासही आपल्याला अर्धाच कळला, असे माझे म्हणणे आहे. मोबदला कोण देतो, कशासाठी देतो, तो कोणाच्या हाती जातो आणि काम कोणाच्या नावावर नोंदले जाते, या चार गोष्टी स्त्री कलाकाराने जिथे स्वतःच्या बाजूने वळवल्या, तिथे तिला प्रतिष्ठा मिळाली. जिथे त्या वळल्या नाहीत, तिथे पुरस्कार मिळूनही ती आलेली नाही.

या म्हणण्याची सुरुवात 1913 या वर्षापासून करता येते. त्या वर्षी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून खाणावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने ती केली. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली आणि स्त्री-भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या नेसण्याची, दागिन्यांची, वावरण्याची नक्कल घरोघरी होऊ लागली. म्हणजे स्त्रीच्या रूपाला, आवाजाला आणि शृंगाराला बाजारात मोठी मागणी होती, पण त्या मागणीतून येणाऱ्या पैशावर स्त्रीचा हक्क नव्हता. फाळक्यांच्या पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली, तेव्हा त्यामागे अभिनयाची आवड होती तशीच उदरनिर्वाहाची गरजही होती. कुलीन घरातल्या मुलीला या काळात हळूहळू गाणे शिकण्याची मुभा मिळू लागली होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्या परंपरेतल्या अभ्यासक्रमांनी व परीक्षांनी संगीत मध्यमवर्गाच्या घरात आणले. तिथे एक अलिखित अट होती: मुलीने गावे, परीक्षा द्यावी, लग्नाच्या बाजारात ते गुण म्हणून सांगावे, पण त्याचे पैसे घेऊ नयेत. जी पैसे घेत होती ती कुलीन नव्हती, आणि जी कुलीन होती तिने पैसे घ्यायचे नव्हते. या एका नियमाने दोघींचेही हात बांधले.

गोव्यातल्या कलावंत समाजाकडे पाहिले की या नियमाची दुसरी बाजू दिसते. देवळांशी जोडलेल्या या घरांतल्या स्त्रियांना गाणे आणि नृत्य हा पिढीजात व्यवसाय म्हणून मिळाला होता. त्यांच्या हाती विद्या होती, आणि ज्या काळात घरंदाज बाईला दारही ओलांडता येत नव्हते त्या काळात कमाईही होती. मात्र त्या कमाईला आश्रयदात्याच्या मर्जीची दोरी बांधलेली होती. पैसा गाण्यासाठी दिला जात होता की देहासाठी, याची सरमिसळ मुद्दाम कायम ठेवली जात होती, कारण ती देणाऱ्याच्या सोयीची होती. राजाराम पैंगीणकर यांच्यासारख्या सुधारकांनी या व्यवस्थेविरुद्ध समाजाला संघटित केले, मुंबई इलाख्यात 1934 मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, आणि हे सारे आवश्यकच होते. इथे कोणी म्हणेल की या बायकांच्या कमाईविषयी आदराने बोलणे म्हणजे शोषणाला सोनेरी मुलामा देणे. हा आक्षेप गंभीर आहे. शोषण होते, आणि ज्या मुलींना निवडीची संधीच नव्हती त्यांच्याविषयी ‘व्यवसाय’ हा शब्द जपूनच वापरला पाहिजे. पण सुधारणेने दोन गोष्टी एकत्र बांधल्या, त्या वेगळ्या करायला हव्या होत्या. आश्रयदात्याची सत्ता संपवणे ही एक गोष्ट होती, आणि बाईने गाणे सोडणे ही दुसरी. पहिली न्यायाची होती. दुसरीमुळे अनेक घरांतल्या लेकींची विद्या तुटली आणि तिच्या जागी उत्पन्नाचे दुसरे साधन मात्र आले नाही. ज्यांनी गाणे सोडले नाही, पण मोबदल्याची रीत बदलली, त्यांनीच या प्रश्नाचे खरे उत्तर शोधले.

त्या उत्तराची किंमत किती होती, हे केसरबाई केरकरांच्या उदाहरणावरून कळते. गोव्यातल्या केरी गावात 1892 मध्ये जन्मलेल्या केसरबाई 1921 च्या सुमारास अल्लादिया खाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी ती अवघड गायकी घोटली. 1977 मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीत त्यांची भैरवी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगायला हवे ते आणखी एक असे की इतक्या दीर्घ तालमीला भांडवल लागते. रोज तासन् तास गाणारी बाई त्या वेळेत दुसरे काही कमवत नाही. गुरूची गुरुदक्षिणा, साथीदारांचे पैसे, शहरातल्या घराचे भाडे हे सारे कोणी तरी उभे करावे लागते. पुरुष गायकाला हे भांडवल दरबाराकडून मिळत असे. अल्लादिया खाँ स्वतः कोल्हापूर दरबारचे गायक होते आणि त्या पगारामुळे त्यांच्या गायकीवर डाग पडला असे कोणी म्हटले नाही. स्त्रीला दरबारी पगाराचा असा निर्वेध मार्ग क्वचितच मिळाला. केसरबाई पुढे आपली बिदागी आणि मैफलीच्या अटी स्वतः ठरवण्याबद्दल प्रसिद्ध झाल्या. त्यांचा हा करारीपणा स्वभावदोष म्हणून सांगितला जातो. मला तो हिशेब वाटतो: ज्या विद्येवर आयुष्याची इतकी वर्षे खर्च झाली, तिचे मोल दुसऱ्याला ठरवू न देण्याचा हिशेब.

मोबदल्याची रीत बदलण्यात दोन साधनांनी मोठे काम केले: तबकडी आणि तिकीट. 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव पुकारत. तबकड्या परदेशात छापल्या जात, तेव्हा कोणाचा आवाज कोणता हे तिथल्या लोकांना कळावे, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू. पण त्यातून एक मोठी गोष्ट साधली गेली. आपला आवाज आपल्या नावासह, आपल्याला कधी न भेटणाऱ्या माणसांना विकता येतो, आणि तो विकत घेणाऱ्याला गायिकेच्या घराचे दार ठोठावण्याचा अधिकार मिळत नाही. तिकिटानेही हेच केले. हिराबाई बडोदेकर यांचे नाव तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये घेतले जाते. आई ताराबाई अब्दुल करीम खाँसाहेबांपासून मुलांसह वेगळ्या झाल्यानंतरच्या काळात हिराबाईंनी ही वाट धरली, तेव्हा पाठीशी असलेले घर चालवण्याची निकड हे तिचे एक कारण होते. तिकिटात पैसा शेकडो लोकांकडून येतो, किंमत आधी जाहीर असते आणि मैफल संपली की देणे-घेणे संपते. एकच देणारा असला की त्याच्या मनात मालकीची भावना येते. देणारे शेकडो असले की ती कोणाचीच राहत नाही. हिराबाईंचे साधे नेसणे, शांत बसून गाणे, हावभाव टाळणे याची पुष्कळ चर्चा झाली, आणि तिच्यातून असे चित्र उभे राहिले की त्यांना मिळालेला मान हा शालीनतेचा मान होता. शालीनतेचा वाटा होताच. मात्र ती शालीनता परवडण्यासारखी केली ती तिकिटाने.

रेडिओने याच काळात स्त्री कलाकारांना नियमित उत्पन्नाची शक्यता दिली, आणि रेडिओनेच दाखवून दिले की रीत बदलली तरी जुना नियम किती चिवट असतो. 1946 च्या सुमारास, सरदार पटेल माहिती व नभोवाणी खाते सांभाळत असताना, ज्यांचे खासगी आयुष्य समाजाला आक्षेपार्ह वाटते अशा कलाकारांना आकाशवाणीवर मज्जाव करण्याचे धोरण आले. त्याचा फटका अर्थातच कोठ्यांवर वाढलेल्या गायिकांना बसला. त्यांच्याकडून शिकलेल्या किंवा त्यांच्या घराण्यांची गायकी उचललेल्या पुरुषांना अशी कोणतीही अट लागली नाही. राष्ट्र उभे राहत असताना त्याच्या संगीताचे शुद्धीकरण करावे, ही त्या धोरणामागची भावना प्रामाणिक असेलही. तिचा परिणाम असा झाला की ज्या बायकांनी हे संगीत पिढ्यान् पिढ्या सांभाळले, त्यांचाच मेहनताना सर्वांत आधी बंद झाला.

मोबदला ठरला, मिळाला, तरी तो कोणाच्या हातात पडतो हा प्रश्न उरतोच. हंसा वाडकर यांनी लहानपणीच चित्रपटांत कामे सुरू केली, ती घरची गरज भागवण्यासाठी. ‘सांगत्ये ऐका’ हे त्यांचे आत्मकथन 1970 मध्ये पुस्तकरूपाने आले आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी 1977 मध्ये ‘भूमिका’ काढला. वाचकांनी त्यातले प्रेमसंबंध लक्षात ठेवले. मला त्या पुस्तकाचा कणा अर्थव्यवहाराचा वाटतो: कमावणारी एक, आणि तिच्या कमाईवर, तिच्या करारांवर, तिच्या कामाच्या तारखांवर हक्क सांगणारे दुसरेच. शांता आपटे यांनी हाच प्रश्न चव्हाट्यावर आणला. ‘कुंकू’मुळे घराघरांत पोहोचलेल्या या अभिनेत्रीने 1939 मध्ये कराराच्या वादावरून प्रभात फिल्म कंपनीच्या पुण्यातल्या स्टुडिओच्या दारात उपोषण केले, आणि पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यातल्या नोकरी-संबंधांची चिरफाड केली. त्या काळात गिरणीकामगारांचे संप वर्तमानपत्रांत कामगार चळवळीच्या बातम्या म्हणून छापले जात. एका नटीचे उपोषण तिच्या लहरीपणाचा किस्सा म्हणून उरले. ते पुस्तक आज पुन्हा वाचले तर लक्षात येते की तिची मागणी एका कामगाराचीच होती, आणि ती मांडणारी भाषाही तिच्याजवळ होती. कमी पडली ती ऐकणाऱ्यांची तयारी.

नावाचा प्रश्न पैशाच्या प्रश्नाला चिकटलेला आहे. 1949 च्या ‘महल’मधले लता मंगेशकरांचे ‘आयेगा आनेवाला’ तबकडीवर आले तेव्हा गायिका म्हणून चित्रपटातल्या पात्राचे, ‘कामिनी’चे नाव छापले होते. 1942 मध्ये वडील गेल्यावर तेराव्या वर्षापासून घर पेलणाऱ्या मुलीचे नाव तिच्याच आवाजावर नव्हते. पुढे त्यांनी गायकाच्या नावासाठी आणि नंतर गाण्याच्या विक्रीतल्या वाट्यासाठी आग्रह धरला. गाणे एकदा गायले, पैसे घेतले, संबंध संपला, असे म्हणणारे तेव्हा निर्माते तर होतेच, पण मोहम्मद रफींसारखे मोठे सहकारीही होते. हा युक्तिवाद सरळ वाटतो, परंतु तो अपुरा आहे. गाणे दर वेळी वाजताना कोणी तरी त्यावर कमावत असेल, तर ज्या आवाजामुळे ते वाजते त्याचा वाटा शून्य का असावा? भारतीय कायद्याने गायकाचा हा हक्क स्पष्टपणे मान्य केला तो 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने. एवढ्या अधिकाराच्या गायिकेच्या मागणीलाही कायद्यात उतरायला जवळपास अर्धशतक लागले, यावरून ज्यांच्यापाशी ते वजन नाही त्यांच्या स्थितीचा अंदाज यावा.

ती स्थिती पाहायची तर तमाशाच्या फडाकडे यावे लागते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, 1957 मध्ये आणि 1990 मध्ये. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात कलानिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. निष्ठा होतीच; तिच्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण दिवस भरलेल्या बाईला त्या रात्री बोर्डावर उभे का राहावे लागले, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. उत्तर फडाच्या अर्थकारणात आहे. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि गावोगावच्या जत्रा संपल्या की उन्हाळ्याअखेर थांबतो. पावसाळ्यात कमाई नसते, म्हणून कलाकार मालकाकडून उचल घेतो आणि पुढचा हंगाम त्या उचलीत बांधला जातो. मालकही सावकाराकडून उचलतो. सुपारी घेतलेला खेळ मोडला तर पैसे परत द्यावे लागतात आणि पुढच्या वर्षी ते गाव दुसऱ्या फडाला बोलावते. ज्या बाईच्या नावावर तंबू भरतो तिने एक रात्र घरी राहायचे ठरवले, तर तिच्यामागची सारी चुली-बिऱ्हाडे अडचणीत येतात. संगीतबारीतल्या अनेक घरांत तर नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर भावंडांचे संसार उभे राहतात आणि तिने लग्न करून जाणे सगळ्यांनाच परवडत नाही. विठाबाई 2002 मध्ये गेल्या, त्या आर्थिक विवंचना सोसून; त्यांच्या नावाने शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. 2020 मध्ये टाळेबंदीने ऐन जत्रांचा हंगाम बुडाला, तेव्हा या क्षेत्राजवळ एका हंगामाचीही शिल्लक नाही हे उघडे पडले. गौरव आणि मोबदला या वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

यावर एक रास्त आक्षेप असा की गरिबी पुरुष कलाकारांनीही भोगली. ढोलकीवाल्याने भोगली, सोंगाड्याने भोगली, बालगंधर्वांसारख्या सम्राटाचे अखेरचे दिवसही हलाखीत गेले. मग स्त्रियांचा वेगळा विचार का? कारण नुकसान सारखे असले तरी त्याची रचना वेगळी आहे. बालगंधर्वांच्या विपन्नावस्थेबद्दल महाराष्ट्र हळहळला आणि तिला आपले ऋण मानत आला. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईच्या विपन्नावस्थेचे कारण मात्र तिच्या वागण्यात शोधले जाते. पुरुषाची कमाई संसाराचा आधार मानली जाते, स्त्रीची कमाई संसारावरचे संकट. मोगूबाई कुर्डीकर पतीच्या निधनानंतर तीन मुलांचा सांभाळ करत मुंबईत शिकवण्या आणि मैफली करत राहिल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेली अप्रतिष्ठा त्यांची मुलगी किशोरी आमोणकर यांनी पुढे मुलाखतींतून सांगितली. आईला कशी वागणूक मिळाली हे पाहूनच आपण मानाच्या आणि बिदागीच्या बाबतीत तडजोड न करण्याचे ठरवले, असे त्यांच्या बोलण्यातून येते. लोकांनी त्याला ताठा म्हटले. तो ताठा एका पिढीने पाहिलेल्या अपमानाचा दुसऱ्या पिढीने घेतलेला धडा होता.

दुसरा आक्षेप कलेच्या शुद्धतेचा आहे: पैशाकडे पाहून केलेली कला उणी पडते, साधनेला किंमत लावू नये. साधनेला किंमत लागत नाही हे मीही मानतो. साधना करणाऱ्या माणसाला मात्र भाकरी लागते, आणि ती कोण पुरवतो यावर साधनेची दिशा ठरते. आश्रयदात्याच्या पैशावर वाढलेली कला त्याच्या आवडीला बांधलेली राहते, घरच्यांच्या पैशावर वाढलेली त्यांच्या परवानगीला. स्वतःच्या कमाईवर उभी असलेली गायिका लोकप्रिय चीज नाकारू शकते, वर्षभर एकच राग घोटू शकते, नको ती मैफल टाळू शकते. म्हणजे पैशापासून दूर राहण्याचे स्वातंत्र्यही पैसा आपल्या हातात असल्यावरच येते. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी खरे तर स्त्री कलाकाराच्या मेहनतान्याचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा.

आता काळ बदलला, असेही म्हटले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. मध्यमवर्गातली मुलगी आज अभिनय, गाणे, चित्रकला हे चरितार्थाचे साधन म्हणून निवडते आणि घरचे लोक तिला फलकावर पाहून आनंदतात. यूट्यूबमुळे मधला दलाल कमी झाला, छोट्या गावातली लावणी कलाकारही स्वतःचे नाव लावून प्रेक्षकांपर्यंत जाते. पण जुने प्रश्न नव्या जागी बसले आहेत. नाटकातली अभिनेत्री नाइटवर काम करते. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाहीत. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याच्या मजकुरात कसरतीचे आणि इतर खेळ करणाऱ्या आस्थापनांचा उल्लेख होता आणि 2017 मध्ये बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांपर्यंत वाढली, तरी नाइटवर किंवा उचलीवर काम करणाऱ्या बाईपर्यंत ती पोहोचणे दुरापास्तच राहिले, कारण तिचा मालक कोण हेच कागदावर नसते. शासनाची वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आहे, तिचा आधार अनेकींना आहे. परंतु ती म्हातारपणाची सोय आहे, कमावत्या वर्षांतल्या अन्यायावरचा उपाय नव्हे.

म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक आयुष्याकडे पाहताना वाचकांनी सुरुवातीचे चार प्रश्न हाताशी ठेवावेत, आणि पुस्तक मिटल्यावर तेच प्रश्न आजच्या संस्थांना विचारावेत. महोत्सवाच्या आयोजकाने कलाकाराशी लेखी करार केला का, फडाच्या उचलीची नोंद कोणी ठेवली का, बाळंतपणानंतर अभिनेत्रीची जागा राहिली का, गाण्याच्या प्रत्येक वापराचा वाटा गायिकेच्या स्वतःच्या खात्यात जमा झाला का. हे प्रश्न रुक्ष वाटतील. पण शांता आपटे यांनी उपोषण केले ते अशाच रुक्ष प्रश्नासाठी, आणि हिराबाईंच्या मैफलीला तिकीट लागले तेही अशाच रुक्ष उत्तराने. स्त्री कलाकाराला वंदन करण्यात आपला समाज कधीच मागे नव्हता. तिचे देणे वेळेवर, पूर्ण आणि तिच्याच हातात देण्यात तो मागे राहिला. ही उणीव भरून काढणे भक्तीचे काम नाही, व्यवहाराचे आहे, आणि म्हणूनच ते आपल्याला करता येण्यासारखे आहे.